माडीवर पळणारी बाई

सोलापूर,
१२ जुलै २०२५

प्रिय अण्णा,

तुला आणि वहिनीला धनूचा नमस्कार, शरणु शरणार्थी. अव्वाचे गुडघे कसे आहेत? तेल तुझ्या हातानेच चोळ, आईच ती, स्वतः चोळत नाही. इकडे सगळं ठीक. फोन बिघडलाय, म्हणून पत्र. आमच्याकडे भाकऱ्या करायला येणाऱ्या काशम्माच्या हाती देतेय. ती टाकेल पेटीत.

दुपारी मी आणि सासूबाई टीव्हीवर राक्षसांचे सिनेमे बघतो. हसू नकोस. मैंदर्गीच्या जत्रेत तंबूत बसून बघायचो ना, तसलेच. रबरी राक्षस, पाठीवर ढळढळीत चेन, लाथेसरशी कोसळणारे पुठ्ठ्याचे बंगले. परवाच्या राक्षसाच्या मनगटावर तर घड्याळ होतं! तू असतास तर हसून हसून पोट धरलं असतंस. सासूबाईंना मात्र त्याचीच दया येते. "बिचारं गं! त्या कातड्यात लई उकडत आसंल की त्येला!"

मला हे सिनेमे का आवडतात सांगू? त्यात राक्षस कोण, हे लगेच कळतं. सुळे असतात, शेपूट असते. तो येताना जिलबी आणत नाही. हळू आवाजात 'तुझ्याच काळजीपोटी गं' म्हणत नाही.

आता लिहूनच टाकते. फोन बिघडलेला नाही, मृत्युंजयांच्या कपाटात आहे. मी त्यांना न विचारता बालवाडीतल्या नोकरीची चौकशी करून आले, तेव्हापासून. दुकानात जाताना तुझे हे भावोजी बाहेरून कुलूप लावून जातात. शेजाऱ्यांना सांगतात, चोऱ्या वाढल्यात. काशम्माने सकाळी त्यांच्यादेखत यायचं, भाकऱ्या करून जायचं. गेल्या नागपंचमीला तू मला माहेरी न्यायला निघालास आणि मी फोनवर म्हणाले, 'येऊ नकोस, मला इथेच करमतं.' तेव्हा ते शेजारीच उभे होते. तुला वाटलं, पोर सासरी रमली.

आठवतं, सिनेमातली बाई दार उघडं असूनही जिना चढून माडीवर पळायची? आपण ओरडायचो, 'ए बावळट, बाहेर पळ!' तू म्हणायचास, चेन दिसली तर चालेल, पण इतकी बिनडोक बाई कुठे असते का?

असते रे.

परवा मृत्युंजय कुलूप लावायला विसरले. दार ढकललं तर उघडलं. समोर रस्ता, चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो, कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मी पायात चप्पल घातली. मग वाटलं, लोक विचारतील, काय झालं? काय सांगू? त्यांनी माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. गच्चीवर कपडे वाळत होते, ते आठवले. अण्णा, मी दार ओढून घेतलं आणि वर गेले. कपड्यांत तोंड घालून खूप रडले.

सासूबाई जिन्याखालून सगळं बघत होत्या. काल सिनेमातली बाई जिन्याकडे धावली, तशा त्या ओरडल्या, "बाहीर पळ की गं!" मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पंचमीला भावाला बोलाव. माहेराला न्याया मुराळी दारात आला की त्येला रिकामा परत धाडता येत न्हाय. भावकीत तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाय. माजा भाऊ कंदी आलाच न्हाय."

म्हणून तू ये. पंचमीच्या आदल्या दिवशी, टोपी घालून, लाडवांचा डबा घेऊन, चारचौघांना दिसेल असा मुराळी होऊन ये. मृत्युंजय गोड बोलतील, चहा पाजतील. मीही हसून म्हणेन, 'कशाला आलास, मी मजेत आहे.' जिभेला वळणच पडलंय तसं. ते ऐकू नकोस. आणि कपडे आणते म्हणून मी जिन्याकडे वळले, तर सगळ्यांसमोर माझा हात धर.

तुझी,
दार उघडं असताना माडीवर गेलेली,
धनू