आज पहिला प्रश्न तुझा

सर,

परवा तुमच्या स्मृतिव्याख्यानाला गेलो होतो. दरवर्षी जातो, मागच्या दाराजवळ बसतो आणि व्याख्यान संपलं की निघतो. या वेळी शेवटपर्यंत थांबलो, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा ते जमलं नाही. आता तुम्ही उलटून काही बोलणार नाही, म्हणून जरा धीर आला आहे.

आपली पहिली भेट पाण्यापायी झाली होती. दुष्काळाची वर्षं होती. अजिंठ्याकडची आमची मेंढरं विकून आम्ही पडेगावला आलो होतो. वडील एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर वॉचमन होते आणि तिच्याच तळमजल्यावर, चौकटी न बसवलेल्या खोलीत आम्ही राहायचो. अकरावी अर्धी टाकून मी वाळूजला एका कंपनीत लागलो होतो. आमच्या भागात टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. तुमच्या कॉलेजच्या सभागृहाबाहेर मात्र थंड पाण्याचा कूलर होता आणि व्याख्यानमालेच्या आठवड्यात गेटवर कुणी कुणाला अडवत नसे. मी मोठ्या बाटल्या घेऊन कूलरपाशी वाकलेलो आहे, आतून टाळ्यांचा आवाज येतो आहे, आणि तुम्ही दारातून बाहेर येऊन माझ्या मागे उभे राहता.

"झालं भरून?"

"व्हय सर. एक राहिली."

"तीही भर. मग आत ये. आतलंही फुकटच आहे."

तुम्ही रागावला होता की चेष्टा करत होता, ते मला आजवर कळलेलं नाही. मी आत आलो आणि बाटल्या पायांत धरून बसलो. वक्ते शहराच्या जुन्या नहरींवर बोलत होते. जमिनीखालून पाणी कसं आणलं, कुठं वळवलं, कुठल्या मोहल्ल्याला कसं पोचवलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण उरलेलं निम्मं मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिलो. दुसऱ्या दिवशी बाटल्या न घेताच आलो. आईनं त्यावरून चांगलंच झापलं.

"पाणी आणाय गेलतास ना रं? बाटल्या तर हितंच पडल्यात."

"भाषणाला गेलतो."

"आन् आता डाळ काय भाषणात शिजवू?"

त्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही माझ्या खुर्चीमागं आलात. व्याख्यान सुरू व्हायचं होतं, लोक खुर्च्या सरकवत होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, कानाशी वाकलात आणि हळूच म्हणालात, "आज पहिला प्रश्न तुझा." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं जगलो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. व्याख्यान संपलं की अध्यक्ष म्हणायचे, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि सगळं सभागृह गप्प व्हायचं. वक्ते पाणी प्यायचे, प्राध्यापक छताकडे बघायचे, पोरं चपला चाचपायची. एकदा कुणी उठलं की मग दहा हात वर यायचे, पण तो पहिला माणूस मिळणं कठीण. एवढ्या शिकलेल्या लोकांत तुम्ही त्यासाठी मला निवडलं, असं मी समजलो. मी उठलो आणि विचारलं, शहर एवढं वाढलं, नहरी तेवढ्याच राहिल्या, तर मागाहून राहायला आलेल्यांनी काय करायचं? खरं तर तो नहरींच्या व्याख्यानाचा प्रश्न होता. लोक हसले. वक्ते हसले नाहीत. ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे. तुम्ही कोपऱ्यात उभे राहून मान हलवलीत.

पुढं प्रत्येक हिवाळ्यात मी ते आठ दिवस पहिली पाळी मागून घ्यायचो. कंपनीत पोरं चिडवायची, "क्या लेक्चरर, आज किस पे बोलनेवाले?" गेटवरच्या फळ्यावरून मी आधीच विषय उतरवून न्यायचो आणि प्रश्न कागदावर लिहून काढायचो. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचो, खोडाखोड झाली की पुन्हा सगळा स्वच्छ लिहायचो. बोलताना वेलांटी ऐकू येत नाही हे मलाही कळत होतं, पण चुकीचा लिहिलेला प्रश्न तोंडातून नीट निघणार नाही अशी भीती वाटायची. तुम्ही यायचात, हात ठेवायचात, तेच वाक्य म्हणायचात आणि मी उठायचो.

मग तो आला. तुमचाच एम.ए.चा विद्यार्थी, मोटारसायकलवरून येणारा, आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. त्या दिवशी तुम्ही मला नेहमीप्रमाणे सांगून गेला होता. अध्यक्षांनी प्रश्न मागितले आणि सभागृह गप्प झालं. मी कागद उलगडून शेवटचा एकदा नजरेखालून घालत होतो. मान वर केली तर तो उभा होता. एक हात खिशात. त्यानं असं काही विचारलं की वक्ते खो खो हसले, आणि सर, तुम्हीही हसलात. माझ्या प्रश्नावर तुम्ही मान हलवायचात. त्याच्या प्रश्नावर हसलात. हा फरक मी घरी नेला आणि तो अजून माझ्याकडेच आहे.

चहाच्या वेळी मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं. तुमच्या हातात कप होता आणि बशीत बिस्किट.

"सर, आज पहिला प्रश्न माझा होता ना?"

"होता की. मग उठायचं होतंस."

"मी लिहून आणला होता. तयार होता."

"त्यानं लिहिला नव्हता, म्हणून तो आधी उठला," तुम्ही म्हणालात, आणि बिस्किट माझ्या हातावर ठेवून पाहुण्यांकडे गेलात. तो पाहुण्यांशेजारीच उभा होता. तुम्ही बोलता बोलता त्याच्या पाठीवर थाप मारलीत. त्याला थाप आणि मला बिस्किट, एवढं मी पाहिलं.

त्यानंतरही मी येत राहिलो. तुम्हीही येऊन खांद्यावर हात ठेवत राहिलात. मी मान डोलवायचो आणि वेळ आली की बसून राहायचो. मला वाटायचं, सगळे गप्प झाले की तुम्ही माझ्याकडे बघाल, माझी वाट बघाल, निदान हातानं तरी खूण कराल. तुम्ही कधी बघितलं नाही. दुसरं कुणीतरी उठायचं आणि कार्यक्रम पुढं जायचा. एका हिवाळ्यात व्याख्यानमाला सुरू होण्याआधी आम्हाला दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, तेव्हा मला कळलं की तुम्ही गेलात. दवाखान्यात होता, हेही मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कशाला? मी तुमचा विद्यार्थी नव्हतो.

आता परवाचं. सभागृहाला एसी बसवलाय, खुर्च्या मऊ झाल्यात. व्याख्यानाआधी तुमच्याबद्दल चार शब्द बोलायला तोच उभा राहिला. आता तो तिथंच शिकवतो, पोट सुटलंय, आवाज तसाच आहे. तो म्हणाला, "सर माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि कानात म्हणायचे, आज पहिला प्रश्न तुझा." माझ्या घरातली वस्तू कुणी चौकात आणून दाखवावी, तसं झालं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, मलापण म्हणायचे की!" मागून कुणीतरी, "हमको भी बोलते थे सर!" एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले, "मी बँकेतून थेट यायचो, मला तर रोज म्हणायचा लेकाचा." सभागृहभर हशा उसळला. त्यानं विचारलं, अजून कुणाकुणाला? हात वर येत राहिले. लोक डोळे पुसत हसत होते. मी हात वर केला नाही.

तुम्ही सगळ्यांना सांगत होता. पाचसात जणांना सांगितलं की एखादा तरी उठेल, एवढाच तुमचा हिशेब. आधी मला एका माणसाचा हेवा वाटायचा, आता अख्ख्या सभागृहाचा वाटतो. त्या बाईंच्याही खांद्यावर हात होता, त्या काठीवाल्यांच्याही. मग बसल्या बसल्या मनात आलं, ज्या दिवशी मी उठायचो, त्या दिवशी हे सगळे आपापला प्रश्न घेऊन माझ्या पाठीकडे बघत बसत असतील. त्यांतल्या कुणाला तरी माझा राग आला असेल. हा विचार मला फार आवडला, खोटं कशाला बोलू. तरी विचारतो, एखाद्या दिवशी फक्त मला एकट्याला सांगितलं असतंत, तर तुमचं काय अडलं असतं?

तुमचं घर पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलंय. तुमचा मुलगा वरच्या मजल्यावर राहतो म्हणे. हे पत्र तिथं टाकता येईल, पण तो किंवा सूनबाई वाचतील आणि कोण हा, म्हणून विचारतील, आणि सांगण्यासारखं नातं माझ्याकडे नाही. म्हणून कुठंच टाकणार नाही. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. शहरं कशी वाढतात, यावर परवाच्या वक्त्या बाई छान बोलल्या. शेवटी अध्यक्षांनी प्रश्न मागितले आणि सभागृह गप्प झालं. कुणालाच कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं. माझ्याकडे कागद नव्हता, मनात प्रश्नही नव्हता, तरी मी उठलो. काहीतरी विचारलं, बाईंनी काहीतरी उत्तर दिलं, त्यातला एक शब्दही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पुढच्या रांगेत तो खुर्चीतून अर्धा उठला होता, आणि मला उभा पाहून खाली बसला. सर, मला लई बरं वाटलं.