गांजाला निर्दोष ठरवण्याचे चार आठवडे

३ मार्च, सोमवार. दुपार.
आईने ओढत क्लिनिकला नेलं. कारण काय, तर मी एकदा, फक्त एकदा, म्हटलं की समोरच्या गच्चीवरची माणसं मला बघतात. क्लिनिकच्या मॅडम म्हणाल्या की मनाचा आजार झालेला नाही, पण मी त्याच्या उंबरठ्यावर आहे. मामाला आहे म्हणून मला धोका जास्त, त्यात गांजाची भर. चार आठवडे पूर्ण बंद, आणि रोज फॉर्म भरायचा. मी लगेच हो म्हटलं. चार आठवड्यांनी गांजा निर्दोष सुटेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. खरं ते या वहीत, बाकीचं फॉर्मवर.

४ मार्च.
शून्य. किती सोपं आहे! लोक उगाच बाऊ करतात.
फॉर्मवर प्रश्न: लोक टक लावून बघतात असं वाटतं का? मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. फ्रेम घातली की प्रत्येक गिऱ्हाईक आधी आरशात बघतं, मग माझ्याकडे. 'कामाचा भाग' असं लिहिलं.

६ मार्च.
एक. पण ती सिगारेट प्रोफेसरने भरलेली होती. (प्रोफेसर म्हणजे मित्र. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं, पण माहिती सगळ्या विषयांची.) दुसऱ्याने भरलेली मोजायची का, याबद्दल फॉर्मवर सूचना नाही. शून्य लिहिलं.

९ मार्च, रविवार.
एकदम बंद केलं तर शरीराला बाधतं, इति प्रोफेसर. म्हणून टप्प्याटप्प्याने. आज तीन, उद्या दोन, परवा एक, मग मुक्ती. तक्ता केला. फारच देखणा झाला. रंग भरता भरता चौथी झाली.
दुकान बंद, तरी बसस्टॉपवर तिघं बघत होते. एकाचा नंबर नक्की वाढलाय. त्याने दुकानात यायला हवं.
मामा आतल्या खोलीत असतो. खिडकीला कायम चादर. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता नऊ वर्षं गल्लीबाहेर पाऊल नाही. आई त्याच्या ताटाकडे बघते, तसं हल्ली माझ्या ताटाकडे बघते. उगाचच. मामाचं वेगळं होतं.

१२ मार्च.
एका आजोबांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. मालक ओरडले नाहीत, हळू बोलले. तेच जास्त लागलं. पण काच घासताना मशीन माझं नाव घेत असेल तर लक्ष कसं लागणार? तेल घाला म्हटलं. त्यांनी मुकाट्याने घातलं. तरी नाव घेतंच. हलक्यातलं तेल असणार.

१६ मार्च, रविवार.
तीन दिवस शून्य. अगदी खरं. तापाने उठवत नव्हतं, ते सोडा. या तीन दिवसांत ना कोणी बघितलं, ना कोणी नाव घेतलं. पण अंथरुणातला प्रयोग धरता येत नाही. खात्री करायला एक ओढली. मग त्या खात्रीची खात्री. संध्याकाळी तिघं गच्चीवर हजर. तापाचा अशक्तपणा, दुसरं काय.

१९ मार्च. दुकानातच लिहितोय.
आरशांमुळे एका माणसाचे दहा डोळे होतात. साधं गणित. सगळ्या आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली. एक बाई फ्रेम घालून बातम्याच वाचू लागल्या. मालकांनी आईला फोन केला. ती आली. कागद सोडवून एकेकाची घडी घालत बसली. मला फार वाईट वाटलं. फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

२० मार्च.
मामाच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे कोणी लेक्चर देत नाही. चादर नीट लाव, कोपऱ्यातून दिसतं, असं त्याला सांगितलं. त्याने विचारलं, किती जण? तीन, म्हटलं. त्याने उठून चादरीचा कोपरा नीट खोचला. मग म्हणाला, माझ्याकडेही आधी तिघंच यायचे, मी कोणाला सांगितलं नाही. तू ओढायचास का, विचारलं. म्हणाला, तुझ्याहून जास्त, आणि तक्ता न करता.
मी घाबरलो आहे. प्रोफेसरचे दोन फोन आले, उचलले नाहीत. तिसरा उचलला.

२४ मार्च, सोमवार.
आज क्लिनिकची मधल्या तपासणीची तारीख. निघालो, तर दारात मामा. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. आईच्या हातातून पातेलं पडलं. रस्त्यात त्याने माझा दंड धरला होता की मी त्याचा, सांगता येणार नाही. बसस्टॉपवर त्याने विचारलं, किती दिसतात. मी चार म्हटलं. त्याला अकरा दिसत होते. तरी चढलो.
कोण कोणाला घेऊन आलंय, असं मॅडमनी विचारलं. आम्ही दोघंही एकदम 'मी' म्हणालो.
तीन आठवड्यांचे फॉर्म तिथेच बसून खरे भरले. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. मॅडमनी पाठपोट वाचलं आणि कोऱ्या फॉर्मचा नवा गठ्ठा दिला. चार आठवडे, पहिल्यापासून. मामालाही एक गठ्ठा.
आज शून्य. अर्थात आत्ता सकाळचे साडेदहाच वाजलेत.