तंबाखूच्या डब्यातली चार मतं

बाबा, तुमचा तो तंबाखूचा डबा आज उघडला. वरची काळी चिकटपट्टी इतकी वाळली होती की नखाने सहज निघाली. आई गेल्यावर नारपोलीचं घर रिकामं करायला काढलंय. कपाट न्यायला उद्या टेम्पो येणार, आणि डबा कपाटाच्या खालच्या खणात, तुमच्या मफलरच्या घडीत होता. तो मीच तिथं ठेवला होता, त्यामुळे सापडला असं काही म्हणता येत नाही. आत काय निघालं ते सांगते, पण शेवटी सांगते. पिक्चरचा शेवट कुणी आधी सांगितलेला तुम्हाला चालायचा नाही.

मला तुमचं पहिलं आठवतं ते तोंड. आवाज नंतर. मी दुपारचा डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी आहे आणि आत कापड विणणारे चोवीस लूम एका वेळी चालू आहेत. तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही, कारण हाक मारून उपयोगच नाही. सगळे ओठांनी बोलतात. मी दारातून नुसते ओठ हलवून म्हणते, ‘बाबा, आज भाजी मेथीची’, आणि तुम्ही पार पलीकडच्या लूमखालून, हातात पाना, तोंड वाकडं करता, की पुन्हा मेथी? मी सात-आठ वर्षांची असेन. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरची मुलगी म्हणून मला ती भाषा मराठीच्या बरोबरीनेच आली. पुढे लूम बंद असताना, घरातसुद्धा तुम्हाला ऐकू येईनासं झालं, तेव्हा आपलं काही अडलं नाही. आईला मात्र तोंड समोर धरून बोलायची सवय शेवटपर्यंत झाली नाही. ती चुलीकडे बघून बोलायची आणि वर म्हणायची, “मी भिंतीशीच बोलते जशी.”

ऐकू न येणाऱ्या माणसाला पिक्चरचं वेड असावं, याचं लोकांना हसू यायचं. तुम्ही पडद्यावरचे ओठ वाचायचात. नट पाठ फिरवून बोलला की माझ्या गुडघ्यावर बोट मारायचात, आणि मी अर्धी वळून ते वाक्य ओठांनी म्हणून दाखवायचे. पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडायचा तेवढा तुम्हाला पुरायचा. माझ्या लहानपणीचे निम्मे पिक्चर मी तिरके बसून पाहिलेत. घरात सीडी आली, केबल आलं, तरी तुम्ही थिएटर सोडलं नाहीत. टीव्हीवर माणसांचे ओठ तांदळाएवढे दिसतात, असं तुमचं म्हणणं. शुक्रवारी लूम बंद आणि शुक्रवारीच नवा पिक्चर, त्यामुळे भिवंडी पिक्चरवाल्यांसाठीच वसवली आहे, असंही तुम्ही म्हणायचात.

आणि मग दर वर्षी ती यादी यायची. मोठ्या वार्षिक पुरस्काराची नॉमिनेशनं पेपरात छापून आली की सर्वोत्कृष्ट पिक्चरचे पाच उमेदवार तुम्ही कात्रीने कापून पाकिटात ठेवायचात, आणि पुढचे तीन-चार शुक्रवार धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात बैठक. तुम्ही, तुमच्या कारखान्यातले विणकर चाचा, आणि आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. चाचांना गाणी हवीत, मास्तरांना कथा हवी, आणि तुमचा हट्ट असा, की आवाज बंद केला तरी कळला पाहिजे तो पिक्चर. “तुझा आवाज तर बंदच असतो रे,” मास्तर म्हणायचे, तुम्हाला दिसेल असं तोंड करून. त्यावर चाचा, “मास्टर साहब, गाना तो ये भी सुनता है, पैर देखो इसका.” आणि खरंच, गाण्याच्या गोष्टी निघाल्या की टेबलाखाली तुमचा पाय हलायचा. मास्तरांनी लूमवर काम केलेलं नव्हतं. तुमचं आणि चाचांचं ओठांचं बोलणं त्यांना कळायचं नाही आणि त्यांच्या चहावर तुम्ही दोघं समोरासमोर बिनआवाजी टीका करायचात.

शेवटच्या शुक्रवारी मतदान. झाकणाला फट पाडलेल्या तंबाखूच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, वर चिकटपट्टी मारायची, आणि टीव्हीवर सोहळा लागेल त्या संध्याकाळी, तिकडे पाकीट फोडायच्या आधी, इकडे डबा फोडायचा. नियम एकच. पाहिला नसेल त्या पिक्चरबद्दल तोंड उघडायचं नाही, आणि मत तर मुळीच द्यायचं नाही.

चौदा वर्षांची असताना मी तो नियम मोडला. पेपरातलं परीक्षण वाचून गेले होते आणि चाचांच्या आवडत्या पिक्चरला रटाळ म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवलात. “पायलास का तू?” मी मान हलवली. “मंग बोलू नको. इणल्याबिगर कापडाचा ताका दाखवायचा न्हाय.” तुमचा आवाज बहिऱ्या माणसाचा, स्वतःला किती चढलाय ते न कळणारा. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. मी बाहेर येऊन रिक्षास्टँडवर उभी राहिले. राग आला होता तुमचा, आणि तो बरेच दिवस टिकला. मला अठरावं संपलं त्या वर्षी तुम्ही माझ्यासमोर कोरी चिठ्ठी सरकवलीत आणि खिशातलं पेन काढून दिलंत. त्यानंतर आपण चौघं झालो. सोन्याचं काही दिलं असतंत तरी मी इतकी ताठ बसले नसते.

शेवटच्या वर्षी यादी आली तेव्हा तुम्ही अंथरुणावर होतात. छातीत लूमचा सगळा कापूस गोळा झालाय, असं तुम्ही म्हणायचात. पाचपैकी चार तुम्ही आजारी पडायच्या आधी पाहिलेले. पाचवा राहिला होता. डिसेंबरात लागलेला तो पिक्चर आता ठाण्यात एका ठिकाणी उरला होता, दुपारचा एकच खेळ, आणि तोही त्या शुक्रवारी उतरणार होता. तुम्ही म्हणालात, मी पाहिला नाही तर या वर्षी माझं मत नाही. मास्तरांनी तोड काढली. “पोर बघून येईल आणि तुला सांगेल. इतकी वर्षं तिच्याच तोंडाने बघतोस ना?” चाचांनी मान डोलावली. तुम्ही यादीचं कात्रण घडी करून पाकिटात ठेवलंत. त्याला आम्ही होकार समजलो.

मी तेव्हा कशेळीच्या गोदामात लागले होते, दिवसभर मालाच्या नोंदी आणि घरी आल्यावर तुमचा खोकला. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी जेवणाचा डबा ठेवायला आले, तर आई म्हणाली, “जा गो तू. सकालपासून त्याचा एकच चाललाय, पिक्चर कवा बघशील.” मी गेले, बाबा. पहिला अर्धा नीट पाहिला. एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करणारा, मुलाशी भांडून घर सोडतो. मुलगा शोधत निघतो. मध्यंतराला मुलगा एका अनोळखी स्टँडवर उतरतो आणि त्याच्या पाठीमागून म्हाताऱ्याची बस निघून जाते. मध्यंतरात मी चहा प्यायले, जागेवर येऊन बसले. एसीची गार हवा होती, खुर्ची मऊ होती, कुणी खोकत नव्हतं. एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा दिवे लागलेले आणि डोअरकीपर खुर्च्यांखालचे कागद उचलत होता. मी त्याला विचारलं, शेवटी काय झालं? तो म्हणाला, “रोज तेच होतं, ताई.”

घरी येईपर्यंत ठरवलं होतं की खरं सांगायचं, झोप लागली. पण तुम्ही उशीला टेकून बसला होतात. दाढी केलेली, केस विंचरलेले, चष्मा पुसून डोळ्यावर. माझं तोंड नीट दिसावं म्हणून आईला दिवा माझ्या बाजूला ठेवायला लावलेला. मी समोर बसले आणि ओठांनी सांगायला लागले. अर्ध्यापर्यंत खरं होतं. तुम्ही विचारलंत, “मंग? म्हातारा घरी येतो का न्हाय?” मी म्हटलं, येतो. कसा येतो ते तिथल्या तिथे विणलं. म्हातारा एकटाच येतो. दार उघडं असतं. आत कुणी रागावत नाही, विचारत नाही. तो पायरीवर चपला काढतो, आतून ताट मांडल्याचा आवाज येतो, आणि तो आत जातो. “चपला काढतो?” तुम्ही विचारलंत. काढतो. “बोलत न्हाय काय?” नाही. तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “ब्येस केलाय.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बैठक आपल्या घरी झाली. तुम्ही खाटेवर, चाचा आणि मास्तर खुर्च्यांवर, मी तुमच्या डोक्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन. आणि तुम्ही त्या शेवटाबद्दल बोलायला लागलात. इतकं बोललेलं तुम्हाला महिन्याभरात कुणी ऐकलं नव्हतं. “शेवट बघा त्याचा. बोलना न्हाय, रडना न्हाय. चपला काढतो नि आत जातो. आवाज बंद केला तरी कलंल.” चाचांनी पिक्चर पाहिला होता, मास्तरांनीही. दोघांनी एकदम वर माझ्याकडे पाहिलं. तुमच्या डोक्यामागून मी ओठ हलवले, आवाज नाही. ‘सांगू नका. मला झोप लागली.’ चाचांना कळलं. मास्तरांना कुठून कळणार? ते म्हणाले, “अरे पण तो म्हातारा तर—” आणि चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. “मास्टर साहब, चाय ठंडी हो रही है.” मास्तरांनी चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा उचलला. मग म्हणाले, “हो. चपलांचं छान केलंय.” आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका सांगणारा माणूस.

मग चिठ्ठ्या झाल्या. तुम्हाला लिहायला वेळ लागला. चिकटपट्टी तुम्हीच मारलीत, ती तिरकी बसली.

सोहळा बघायला तुम्ही राहिला नाहीत. नऊ दिवस कमी पडले. त्या दिवशी घरात बायका रडत होत्या आणि मी पाण्याचे पेले भरत होते. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. धक्का नव्हता, काहीच नव्हतं. शुक्रवारी लूम बंद झाल्यावर कारखान्यात उभं राहिलं की कान जसे कोरे पडायचे, तसं. ते अजून तसंच आहे, याची आता सवय झाली आहे. तेराव्याला चाचांनी डबा माझ्या हातात दिला. “बिटिया, तू रख.” पुढे ते गावी गेले ते परत आले नाहीत. मास्तरही गेले. होते तोवर, भेटले की पिक्चरमधल्या म्हाताऱ्याचं खरं काय झालं ते विचारायचं, असं मी म्हणायचे आणि विचारायचं राहायचं.

डबा मी का उघडला नाही ते सांगते. त्याच वर्षी पावसाळ्यात मला ताप आला आणि आईने मला तुमच्या खाटेवर झोपवलं. उशीला टेकून समोर पाहिलं तर कपाटाचा आरसा. आरशात स्वयंपाकघराचं दार, आणि दारात उभी असलेली आई, पुरती, तोंडासकट. भिंतीशी बोलावं तशी काहीतरी पुटपुटत होती आणि मला तिचा शब्द न् शब्द वाचता येत होता. औषधाची वेळ झाली, असं म्हणत होती. मी आरशावर चादर टाकायला सांगितली. आईला वाटलं तापात बरळतेय.

म्हणजे त्या शुक्रवारी तुम्ही मला वाचलंत की नाही, हे त्या डब्यात होतं. त्या पिक्चरला मत दिलेलं असेल तर तुम्ही फसलात. न पाहिलेल्या पिक्चरला मत देऊन गेलात, आणि ते मी करायला लावलं. दिलेलं नसेल, तर माझं खोटं तुम्ही तेव्हाच ओळखलंत. दोन्हीपैकी मला काय हवं होतं ते मला आजही ठरवता येत नाही. म्हणून इतकी वर्षं मफलर.

आज चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. चाचांनी त्यांच्या गाण्यांच्या पिक्चरला मत दिलंय, उर्दूत, पण नाव मला ओळखता आलं. मास्तरांनी त्यांच्या कथेला, शुद्धलेखनासकट. तिसरी तुमची. पाचही नावं ओळीने लिहिलीत, त्यांतल्या चौथ्यापुढे तुमची बरोबरची खूण आहे. पाचव्या नावापुढे लिहिलंय, ‘पाहिला नाही.’

मी तिथंच बसून राहिले. तुम्ही आरशात मला वाचलंत, की आदल्या दिवशीच माझ्या तोंडाकडे बघताना ओळखलंत, की पोरीने कितीही नीट सांगितलं तरी सांगणं म्हणजे पाहणं नव्हे, एवढा साधा नियमच पाळलात, ते या दोन शब्दांतून कळत नाही. पण ज्याला मत द्यायचं नव्हतं त्याच्या शेवटाचं तुम्ही अर्धा तास, खोकत खोकत, कौतुक केलंत. ते कुणासाठी होतं ते कळतं. वाटलं होतं, आता तरी रडू येईल. नाही आलं. चहा ठेवला, तो प्यायले, आणि हे लिहायला बसले.

हे पत्र मफलरमध्येच जाईल, आणि मफलर मी नेणार आहे. एक सांगायचं राहिलं. त्या पाचव्या पिक्चरला डब्यात एक मत निघालं. ते माझं आहे. तुम्ही त्यालाच देणार असं वाटून, तुम्ही एकटे पडू नये म्हणून मी दिलं होतं, तुम्ही दिलेल्या पेनने. तो पिक्चर टीव्हीवर कितीदा तरी लागला. मध्यंतर आलं की मी टीव्ही बंद करते. तो म्हातारा घरी येतो की नाही, मला अजून माहीत नाही.