कोपर मारणारी बाई

प्रिय बाबा,

तुमच्या त्या चित्रापायी माझी नोकरी जायची वेळ आली आहे, हे आधी ऐकून घ्या; तब्येतीची चौकशी मागाहून करते.

तुम्ही काढलेलं ते जुनं गंमतचित्र रेल्वेने इथल्या स्टेशनच्या भिंतीवर एवढं मोठं करून लावलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑफिसच्या वेळची गाडी, खिडकीतून अर्धे बाहेर आलेले कारकून, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात नाक खुपसलेला टकलू आणि मधोमध दोन्ही कोपरं परजून दारात घुसणारी ती बाई. लोक हसतात आणि पुढे जातात. आई मात्र जात नाही. रोज सकाळी 'तुला सोडायला येते' म्हणून माझ्याबरोबर निघते. चाळिशी उलटलेल्या बाईला आई सोडायला! मग चित्राखाली ठाण मांडते. कुणी थांबलं की सुरू, 'ही मी बरं का, नाक जरा जास्तच काढलंय, पण कोपर माझंच.' परवा तर तिकीट तपासनिसाला तिने ते करूनच दाखवलं. बिचारा बरगडी धरून खाली बसला. त्याची माफी मागेपर्यंत माझी गाडी सुटली. साहेब म्हणाले, उद्यापासून आईसाहेबांनाच पाठवा, त्या तरी वेळेवर पोचतील.

घरीही तेच. माझ्याच स्वयंपाकघरात चमचा कुठे आहे ते मला तिला विचारावं लागतं. तुमचे जावई हल्ली फार कामसू झालेत, उशिरापर्यंत ऑफिसातच असतात.

पण बाबा, तुम्ही तरी असं कसं बोललात? 'चारचौघांत माझं हसं केलंत' म्हणून तिने जन्मभर तुमचं डोकं खाल्लं, कबूल. म्हणून चित्राच्या उद्घाटनाच्या दिवशी माइक हातात येताच, तिची अब्रू राखायला, तुम्ही सांगून टाकलंत की ही बाई काल्पनिक आहे, अशी कुणी नव्हतीच. टाळ्या पडल्या. आणि आई तुमच्याबरोबर परतीच्या गाडीत चढलीच नाही. तुम्हाला अजून वाटतंय की ती चित्रावर रुसलीय. अहो, चित्रावर तर ती सुखाने कुरकुरत होती. तुम्ही तिलाच पुसून टाकलंत.

आज मला सुट्टी होती, तरी ती निघाली. रोज मी गाडीत चढल्यावर ही काय करते ते बघू, म्हणून मागोमाग गेले. चित्रापाशी ती नव्हती. तुमच्याकडची गाडी येते त्या फलाटावर, ठेवणीतले कपडे घालून उभी होती. डबे रिकामे होईपर्यंत एकेक चेहरा बघत राहिली. मग मला पाहून माझ्यावरच डाफरली, गर्दीत काय करतेस म्हणून. फोन ती करणार नाही, तुम्हीही करणार नाही, म्हणून हे पत्र. मिळेल त्या गाडीने या. ती तोंड फिरवेल, फिरवू द्या. आजवर तुम्ही तिला नुसतं 'अगं, ऐकलंस का' करत आलात. या वेळी भर फलाटावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, तिला नावाने हाक मारा.

तुमचीच,
दोघांच्या मध्ये चेंगरलेली लेक