प्रयागच्या पायाची पाचशेरी

१ नोव्हेंबर १९५६, बोथ.
आजपासून आमी आंध्र प्रदेशात. आमचा तालुका मुंबईकडं जाते असं मी चारचौघांत छातीठोक सांगत होतो. जाऊ द्या. सरकार कोणतंबी असो, लोकांना जोंधळा लागतेच. नव्या राज्याचं तोरण दुकानाला बांधायला प्रयागला स्टुलावर चढवलं. मला उंचावर घेरी येते. स्टूल मीच घट्ट धरलं होतं. तेवढ्यात गावचे पाटील वामनराव समोरून आले. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी नमस्कार नको? बायको पडली. तोरण मात्र सरळ बसलं.

२ नोव्हेंबर.
मांडीचं हाड मधूनच मोडलं. डॉक्टर म्हणे, आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी साफ नाही म्हटलं. नवऱ्यासारखी सेवा तिथं कोण करते? मग त्यांनी घरीच सोय लावली. पायाला चिकटपट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी कप्पीवरून खाली, तिला पाच शेराचं वजन. पलंगाच्या पायथ्याखाली विटा. मांडीचे स्नायू हाडाची तुटकी टोकं एकमेकांवर चढवतात, वजनाच्या ओढीनं ती जागेवर राहतात. बारा आठवडे, वजनाला हात लावायचा नाही. मला एका दमात समजलं. अर्धा डॉक्टर तर मी आहोच. दुकानातली पाचशेरी लटकवली. प्रयाग ओरडली. फार नाजूक बाई.

९ नोव्हेंबर.
बाजारात बोलणं ऐकलं: नव्या सरकारचा वजनमापाचा इन्स्पेक्टर येऊन राह्यला. माझ्याकडं पाचशेऱ्या दोन. एक सरकारी शिक्क्याची, ती सध्या प्रयागच्या पायाला. दुसरी घरची, बुडातून पोखरलेली, शेरभर हलकी. विकताना हाताला बरी पडते. ती सापडली तर दुकानाला टाळं. लपवावी कुठं?

दुपारी २.
सुचलं! बाईमाणसाच्या पलंगाखाली कोणता इन्स्पेक्टर वाकते? शिक्क्याची दुकानात, घरची प्रयागच्या पायाला. शेरभरानं हाडाला काय कळते? प्रयागच म्हणाली, आता ओढ कमी वाटते. पाहा, मी म्हटलंच होतं.

१६ नोव्हेंबर.
इन्स्पेक्टर आला नाही. उद्या वजन नक्की बदलतो.

१७ नोव्हेंबर.
गर्दी फार. उद्या.

४ डिसेंबर.
इन्स्पेक्टर आला. तेलुगूत काहीतरी विचारलं, मी उर्दूत उत्तर दिलं. शिक्का पाहून मान हलवली. पुन्हा येतो म्हणे, म्हणून वजन आहे तिथंच राहू दिलं. डॉक्टर पाय पाहायला निघाले होते. सगळं ठीक आहे, उगीच येऊ नका, असा निरोप धाडला. त्यांचा त्रास वाचवला.

२१ डिसेंबर.
प्रयागनं विचारलं, माहा उजवा पाय आखूड काऊन दिसून राह्यला? मी समजावलं, झोपून राह्यलं की तसं दिसते. मग विचारलं, मी पहिल्यासारखी चालीन न? म्हटलं, धावशील! रडत होती. आनंदानं असावी.

२५ जानेवारी १९५७.
बारा आठवडे झाले. मेहुणे अमृतराव प्रयागच्या माहेरून, मुधोळहून, मुद्दाम आले. डॉक्टरांनी टेपनं मोजलं. उजवा पाय दोन इंच आखूड. टोकं एकावर एक चढून तशीच जुळली. त्यांनी पाचशेरी उचलली, हातात तोलली, उलटी केली. कुठली म्हणे ही? मी म्हटलं, बाजारातून आणली असन कोणी. प्रयाग म्हणाली, आमच्याच दुकानातली, डॉक्टरसाहेब. हिच्यावरच यायनं सारं गाव मोजलं.

मेहुण्यांनी पाचशेरी डॉक्टरांच्या हातून घेऊन स्वतः तोलून पाहिली. ते मला बरं वाटलं नाही.

तिनं विचारलं, आता उपाय? डॉक्टर म्हणे, आदिलाबादला न्या, हाड पुन्हा मोडून नव्यानं बसवून पाहतील, खात्री नाही. ती म्हणाली, मोडू द्या.

२७ जानेवारी.
सकाळी बैलगाडी आली. मी पिशवी भरून तयार होतो. मेहुण्यानं माझी पिशवी गाडीतून खाली ठेवली. मी प्रयागला विचारलं, किती दिवसांनी येशील? म्हणाली, चालता आलं तरी मुधोळला, नाही आलं तरी मुधोळलाच.

रागात बोलली असन. दुपारची भाकर मीच थापली. करपली.