आधी शंख, मग फावडं

२३ सप्टेंबर

शाळेच्या आराथेलीबाई आल्या होत्या. काखेत कागदाची मोठी सुरळी. टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर माझेच चार कप ठेवले आणि म्हणाल्या, "फ्रास्कोकाका, नदी सांगा."

म्हटलं, सांगायची कशाला, ती काय समोरच आहे. खिडकीतून दाखवली. पांढरे गोटे, वाळू, मधोमध खानावळवाल्या गिनेसचं कुत्रं आडवं पडलेलं.

"ही नाही. नावं सांगा. प्रत्येक वळणाचं नाव. तुमच्या मागे कुणाला ठाऊक असणारेत?"

एकोणीस ऑक्टोबरला, गावच्या सणाला, कपडे धुण्याच्या जुन्या टाक्यांवर, तिथल्या भिंतीवर नकाशा लागणार. इथवर ठीक. पुढे म्हणाल्या, नकाशाशेजारी काचेची पेटी, पेटीत तुमचा शंख. खाली पाटी — "फ्रास्को, ज्याच्या शंखाने गाव जागं राहिलं."

बाई, शंख नको, म्हटलं. त्याला अजून मेलेल्या मासळीचा वास येतो.

हसल्या. म्हणाल्या, काच घट्ट बसवू.


२४ सप्टेंबर

वरून सुरुवात केली. आमची बेनाहार डोंगराच्या पायथ्याशी एका अंजिराच्या मुळातून निघते. मनगटाएवढी धार. तिथे तिला 'तान्ही' म्हणतात. दोन हाकांवर 'गाढवउडी'. मग ती उजवीकडे मुडपते, ते 'कोपर'. कोपर ओलांडलं की वाळू लागते आणि नदी वाळूत शिरते.

बाईंनी निळी पेन्सिल उचलली. "इथे संपली?"

संपत नाही, म्हटलं. खालून चालते. हात-दीड हात उकरलं की ओल लागते, रानडुकरांनासुद्धा हे ठाऊक आहे. मग त्यांनी तुटक तुटक रेघ काढली. मला ती रेघ फार आवडली. गाडीवरून जाणारे लोक म्हणतात, ह्याला नदी म्हणता तुम्ही? म्हणतो. आमच्या बापजाद्यांनी हिच्यावर बदाम पिकवले.

तुटक रेघ 'चिमट्या'पर्यंत आली. दोन्हीकडून खडक, मध्ये पात्र जेमतेम दहा पावलं. माझं जुनं शेत तिथलं. शंखाची जागाही तिथलीच.

बाकी उद्या.


२५ सप्टेंबर

चिमट्याच्या पुढे सांगवलं नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. गुडघा ठणठणीत आहे.


२८ सप्टेंबर

सकाळी डोंगरावर ढग दिसला. ढग दिसला म्हणजे पाणचक्कीवरची गादोर रव्याचे मिगास परतायला घेणार — पाऊस म्हणजे मिगास, हे इथे तान्ह्या पोरालाही कळतं. पण बाकीचे निदान थेंब पडायची वाट बघतात. ही नाही. बाराच्या सुमाराला भांडं घेऊन दारात. रवा मोकळा भाजलेला, वर लसूण, तळलेल्या मिरच्या, दोन बांगडे.

"हा काही पडायचा नाही," मी म्हटलं.

"न पडो. त्याने त्याचं काम केलं, मी माझं. खा."

माझी बायको गेल्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ही बाई आठवड्यातून दोनदा माझ्याकडे काही ना काही आणते. स्वतः अठ्ठ्याहत्तरची आहे. पाणचक्कीपासून माझ्या दारापर्यंत चांगला चढ आहे.

"आराथेली सांगत होती, तू चिमट्यापाशी अडलास. अरे, गाढवसुद्धा उडी मारून गेलं तिथून."

"गाढवउडी वर राहिली. चिमटा खाली आहे."

"म्हणजे गाढवाच्या पुढे गेलास. बरं आहे."

मी खाली मान घालून खात राहिलो. ती गेल्यावर भांडं तीनदा घासलं.


१ ऑक्टोबर

आता लिहूनच टाकतो. ही वही कुणी वाचणार नाही. वाचलीच तर वाचो.

आमची नदी दोन-दोन, तीन-तीन वर्षं कोरडी असते आणि मग एक दिवस वर डोंगरात ढग फुटतो आणि ती येते. पाणी नसतंच ते, चालणारा चिखल असतो. तो चिखल शेतात वळवून घेतला की तीन वर्षांची बेगमी. म्हणून प्रत्येकाने पात्रात मातीचा तिरका बांध घातलेला आणि बांधाच्या टोकाला शेताचं तोंड, फळ्या लावून बंद केलेलं. लोंढा यायच्या आत फळ्या काढायच्या, माती फोडायची. ज्याचं तोंड उघडं, त्याला पाणी. ज्याचं बंद, त्याच्या समोरून ते समुद्राला.

पण नदी हाच आमचा रस्ताही होता. दुसरा होताच कुठे? खेचरं, गाड्या, शाळेची पोरं, सगळी पात्रातूनच. म्हणून शंख. चिमट्यावर माझा, पाणचक्कीवर दुसरा. कोपराशी तपकिरी पाणी दिसलं की मी फुंकायचं, चक्कीवाल्याने ऐकून पुढे फुंकायचं. कोपरापासून चिमट्यापर्यंत लोंढ्याला पाव तास, चिमट्यापासून चक्कीपर्यंत अजून पाव तास. तेवढ्यात माणसं काठावर.

आणि नियम एकच. माझ्या बापाने मला शंख देताना सांगितला, त्याला त्याच्या बापाने. आधी शंख, मग फावडं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. तीन वर्षं थेंब नव्हता. बदामाची झाडं काड्या झाली होती. मी खडकावर उभा होतो. कोपराशी पाणी दिसलं. शंख कमरेला होता.

मी फावडं घेतलं.

फळ्या चार. तीन वर्षांत मातीने धरून ठेवलेल्या. वाटलं होतं दोन मिनिटांचं काम. एक निघाली, दुसरी निघेना. मग म्हटलं आता एवढं केलंच आहे तर — हे 'आता एवढं केलंच आहे' माणसाचा घात करतं. चौथी फळी उपटली तेव्हा लोंढा चिमट्यात शिरलाच होता. माझ्या शेतात पाणी वळलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आनंदही झाला. खोटं कशाला लिहू. मग शंख फुंकला.

पाव तास उशिरा.

चक्कीवरून उत्तर लवकर येईना. दुसऱ्यांदा फुंकला, तिसऱ्यांदा फुंकला. किती वेळाने खालून आवाज आला.

अमादोर गवताचे भारे विकून खेचर घेऊन परत येत होता. चक्कीच्या खालच्या 'भिंतीं'मध्ये शिरला होता. तिथे दोन्ही काठ ताठ उभे, तीन पुरुष उंच, आत शिरलं की वीस मिनिटं बाहेर पडायला वाट नाही. खेचर दुसऱ्या दिवशी सापडलं, तो तिसऱ्या.

गादोरचा नवरा. चक्कीवर ती होती. सासरा तापाने पडला होता, म्हणून शंख तिच्याकडे.


२ ऑक्टोबर

अजून एक लिहायचं राहिलं. मला लिहायला अमादोरनेच शिकवलं. तेहेतीस वर्षांचा घोडा मी, अंगठेबहाद्दर. दळण होईपर्यंत तो चक्कीच्या फळीवर पीठ पसरायचा आणि बोटाने अक्षर काढायचा. चुकलं की फुंकर. "फ्रास्को, इतकं दाबू नकोस, अक्षर आहे, नांगर नाही."

ज्या अक्षरांनी हे लिहितोय ती त्याची आहेत.


४ ऑक्टोबर

गिनेसच्या खानावळीत सगळे पाटीबद्दल बोलत होते.

गिनेस म्हणाला, "शंख काचेत बसणार म्हणजे फ्रास्कोलाही पेंढा भरून शेजारी उभा करू. जागा आहे का, विचारा बाईंना."

"पेंढा कशाला, आधीच भरलेला आहे," कोपऱ्यातून कुणीतरी.

मीही हसलो. मग गिनेसने माझा पेला भरला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तू तुझं केलंस रे. त्या दिवशी समुद्रावरचा वारा होता. वाऱ्याने शंख खाल्ला, त्याला तू काय करणार."

वाऱ्याने शंख खाल्ला. शेहेचाळीस वर्षं गाव हेच म्हणतं. अंत्यविधीच्या दिवशी गादोरनेच सांगितलं होतं सगळ्यांना — तिसऱ्या फुंकेला कुठे ऐकू आला. मी बाजूला उभा होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून. लोंढ्याच्या दिवशी वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मला ठाऊक होतं. पण वारा काही साक्ष द्यायला येत नाही.


७ ऑक्टोबर

बाईंना उरलेली नदी सांगून टाकली. चिमट्याखाली पुन्हा तुटक रेघ. मग पाणचक्की — तिथे जमिनीखाली खडकाचा उंबरठा आहे, वाळूतलं पाणी त्याला अडतं आणि वर येतं. बारमाही. वेत, बेडूक, सगळं तिथेच. पाऊण कोसात पुन्हा गडप. मग भिंती. भिंतींच्या खाली पात्र एवढं पसरतं की आता त्यात जत्रेच्या गाड्या उभ्या करतात. शेवटी समुद्र. समुद्रालाही ती धड मिळत नाही, गोट्यांच्या बांधामागे एक डबकं होऊन बसते. पाच-सहा वर्षांतून एकदा बांध फोडून जाते.

"भिंतींचं नाव काय लिहू?" बाईंनी विचारलं. "सगळे 'अमादोरच्या भिंती' म्हणतात."

लिहा, म्हटलं.

त्यांनी लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात — 'इथे वाऱ्याने शंखाचा आवाज नेला.' अक्षर सुंदर आहे बाईंचं.

म्हटलं, ती ओळ पेन्सिलीने लिहा. शाईने आत्ताच नको.

"का?"

मी पाणी प्यायला उठलो.


१० ऑक्टोबर

चक्कीपर्यंत गेलो. गादोर अंगणात बदाम फोडत होती. "ये, हात चालव," म्हणाली. दोन तास बदाम फोडले आणि परत आलो. सांगायचं ते राहिलंच. चार किलो बदाम मात्र झाले.


१२ ऑक्टोबर

सांगितलं.

ती डाळीचं कालवण घेऊन आली होती. भांडं ठेवू दिलं नाही. म्हटलं, गादोर, आधी ऐक, मग ठेवायचं की न्यायचं ते ठरव. ती म्हणाली, "अरे बापरे, लग्नाला मागणी घालतोस की काय." मी हसलो नाही तेव्हा तीही थांबली.

उभ्याउभ्या सांगितलं. वारा नव्हता. कोपराशी पाणी दिसलं तेव्हा शंख कमरेला होता आणि मी फावडं घेतलं. चार फळ्या. पाव तास.

तिने विचारलं, "पाव तास?"

म्हटलं, पाव तास. लोंढा चिमट्यात आल्यावरच फुंकला.

"म्हणजे कोपराशी दिसला तेव्हा नाही."

"नाही."

तिने हे पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. रागाचा मी ओळखला असता. मी रागाची तयारी केली होती. ती कुठेतरी बघत होती, भांड्यावर बोटं चाळवत होती, जशी ती दुकानात हिशेब जुळत नसला की चाळवते.

मग भांडं तसंच घेऊन गेली. चढ उतरताना दिसली. दोनदा थांबली.


१३ ऑक्टोबर

आली नाही.


१५ ऑक्टोबर

आली नाही. डोंगरावर चांगला काळा ढग होता. गावात सगळ्यांच्या घरून लसणाचा वास. तिच्या चुलीचा धूर दिसला नाही.

बाईंना निरोप पाठवला, पाटी लावू नका, शंखही नाही. का म्हणून विचारायला त्या आल्या. त्यांनाही सांगितलं. त्यांनी सुरळी उलगडली आणि म्हणाल्या, "काका, नकाशावरची ती ओळ खोडते." खोडरबर माझ्याच टेबलावर चालवलं. कचरा मी हाताने गोळा केला.

मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही.


१७ ऑक्टोबर

खानावळीत गेलो नाही. भाकरी, कांदा. तिची दोन भांडी माझ्याकडे राहिली आहेत. पोचवायला हवीत. पाय उचलत नाही.


१८ ऑक्टोबर

गादोर आली. हातात काही नव्हतं. दारातच उभी राहिली.

"तुझा शंख मला पहिल्या फुंकेलाच ऐकू आला होता, फ्रास्को. तिसऱ्या नाही. ऐकला आणि मी आधी फावडं घेतलं. वाटलं, पाणी अजून कोपराशीच असेल, वेळ आहे."

मग आत येऊन बसली. शेहेचाळीस वर्षं ती एकटी समजत होती की आपण नवऱ्याला मारलं. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर निम्मं ओझं माझ्या पाठीवर आलं असतं. मी ते तिला म्हणालो.

ती म्हणाली, "हो. दुसऱ्यांदाही तू उशिराच फुंकलास."