अकराव्या पानावरची चांदणी

शुक्रवार, १२ ऑगस्ट ९४. काचीगुडा

आज मी वहिनींचं नाव पुढे केलं. का केलं?

भाड्यानं आणलेल्या पुस्तकावर वाचल्याची खूण करायची सगळ्यांनाच सवय. माझी खूण म्हणजे अकराव्या पानावर पेन्सिलीची चांदणी. आधी मी वाचतो, मग वहिनी. पण मागची कादंबरी त्यांना दाखवली नव्हती. एक मुलगी, तिच्यामागे तिघं, त्यातला एक तिला बंगल्यात कोंडून ठेवतो... मी दोनदा वाचली.

आज ती परत दिली तर लायब्ररीवाले चाचा केवढ्यानं ओरडले, "क्या मियाँ, ऐसीच तीन आशिकांवाली और होना क्या? ये लेव, इससे भी खतरनाक है!" मागे शेजारच्या काकू. मी म्हणून गेलो, "माझं नाही, वहिनी मागवतात."

मग स्टेशनवर गाड्या बघत बसलो. नवं पुस्तक उघडलं, सवयीनं चांदणीही काढली. तोवर काकू आमच्या घरी जाऊन आलेल्या.

दारातच दादानं पुस्तक ओढून घेतलं. वहिनींना म्हणाला, "हे असलं वाचतेस तू?"

वहिनींनी अकरावं पान उघडलं. चांदणी बघितली. मग माझ्याकडे.

"हो, मीच मागवलं."

"उद्यापासून लायब्ररी बंद. केबल घेतलंय ना, ते बघ."

मी चपला काढून आत गेलो. जेवायलासुद्धा बसलो! भात वाढताना वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमचं वाचून झालं की ती शेवटी कुणाकडे जाते, तेवढं सांगा मला."

पुस्तक समोर आहे. अकराव्या पानापुढे जाववत नाही.